उलट बोलणारी वायर

गच्चीवरून एक काळी वायर येते,
सज्ज्यापाशी उन्हानं तडकलेली,
खिडकीच्या भोकातून आत, थेट मालनच्या टीव्हीला.
अकरा वर्षं ती तिचीच.
कबड्डी, साडेआठच्या बातम्या, पुन्हा कबड्डी.

मग मी निवृत्त झाले
आणि सहकारनगरात बसून जर्मन शिकवायचं काढलं.
सात मुलं, धनकवडीपासून चाकणपर्यंतची,
सगळ्यांना तिकडे नर्सिंगला जायचंय.
लाइन मात्र एकच.

आधी मीच हात घातला.
वायर कापली, तीन टोकांना पीळ दिला,
वर चिकटपट्टी, वडील इस्त्रीच्या वायरीला लावत तशी.
टीव्हीत खेळाडूंचे चौकोन झाले,
पाय एकीकडे, मधली रेषा भलतीकडे,
आणि राउटरचा दिवा लाल,
डोळे आल्यासारखा.

मग तपकीर गल्लीतून एक सोनेरी स्प्लिटर,
साठचा पन्नासला करून.

यासीननं तो तळहातावर हलवून पाहिला.
'काकू, हा जुन्यातला.
टीव्ही नुसता ऐकतो, त्याला चालेल.
पण तुमचा मोडेम उलट बोलतो.
ते उलट बोलणं यातून वर जात नाही.'

'लहानपणापासून,'
मालन ओट्यापाशी भेंडी पुसत म्हणाली.

त्यानं वायर सोलली.
काळं साल, रुपेरी जाळी, खोबऱ्यासारखं पांढरं काहीतरी,
आणि अगदी आत, शिवणाच्या सुईएवढं तांबं.
एवढ्याशातून सगळं येतं?
'येतं. पण वाटलं की घटतं.
आणि दोघांचं मिळून पुन्हा एक भरत नाही,
थोडं मधल्या डबीतच जातं.'
कुणाला जातं ते?
'कुणालाच नाही. डबी गरम होते. तुम्हाला कळणारपण नाही.'

पिशवीत त्याच्याकडे तीन तोंडांचा निघाला.
एका तोंडाला तोटा साडेतीन, बाकी दोघांना सात.
एकाला टोपी लावतो, म्हणाला, उघडं ठेवलं तर सिग्नल आपटून परत फिरतो.
'राहिली दोन. जास्तीचं कुणाला?'

'तिला दे,' मालन म्हणाली, मागे न वळता,
'तिचं शिकवणं असतं.'

हे वाक्य मी ऐकलंय.
वडिलांच्या हातात खडकीच्या कारखान्याचं पाकीट,
फी एकीचीच निघेल एवढं,
आणि एकोणीस वर्षांची मालन, अशीच, न वळता:
तिला द्या. तिचं शिकणं असतं.
पुढच्या सोमवारी ती लक्ष्मी रोडला साड्यांच्या दुकानात गेली.
बत्तीस वर्षं घड्या घातल्या.
दुसऱ्यांनी विस्कटलेल्या.

बेचाळीस वर्षांत त्या वाक्यात
फक्त एक 'व' आला.

'नाही,' मी म्हटलं. 'जास्तीचं टीव्हीला.'
'मग क्लास अडकेल तुझा.'
'अडकू दे.'
'अडकू दे म्हणे! आणि पोरांनी काय करायचं?'
यासीन स्टुलावर उभा, तोंडात स्क्रू,
एकदा हिच्याकडे बघत, एकदा माझ्याकडे.
शेवटी त्यानं दोन्हीकडे मीटर लावला.
'तुमच्या गल्लीत सिग्नल मुळातच मजबूत आहे.
कसंही लावलं तरी दोन्ही चालणार. भांडू नका.'
दोनशे घेतले. जास्तीचं मलाच लावून गेला.
मोडेमला तेच लावायचं असतं, म्हणाला.

संध्याकाळी तुटणारी क्रियापदं घेतली,
ज्यांचा एक तुकडा वाक्याच्या पार शेवटी जाऊन बसतो.
सातही चेहरे स्वच्छ. हॉलमध्ये शिट्टी.
'मॅडम, मागे काय चाललंय?' चाकणच्या अश्लेषानं विचारलं.
मी माइक बंद करायला हात नेला,

आणि हॉलमधून मालन ओरडली,
'सुपर टॅकल! अगं, तिघांनी धरला!'

हात तसाच राहिला.
सात मुलं हसत होती.
तिचा आवाज माझ्या माइकमधून, राउटरमधून,
जास्तीच्या तोंडातून, तडकलेल्या काळ्या वायरीतून
गच्चीवर गेला असणार तोवर,
सहकारनगरच्या पलीकडे.